निरोगी नमुना

४ मार्च
पुन्हा निळी! निरोगी माणसाच्या लघवीची नळी लालच राहायला हवी. सोन्याच्या बारीक कणांचं लाल पाणी, त्या कणांवर आपला डीएनएचा धागा. मूत्रपिंड बिघडल्यावर लघवीत उतरणारं प्रथिन त्या धाग्याला सापडलं, तरच पाणी निळं व्हायचं. आमचं उठसूट होतं! १३ तारखेला समितीपुढे दाखवायचंय. सर म्हणाले, "तिथेही असंच झालं तर गाशा गुंडाळा."

५ मार्च
मिठाचा संशय येतोय. लघवीतल्या मिठानेही कण एकमेकांना चिकटतात, पाणी निळं पडतं. निरोगी नमुना पहिल्यापासून वहिनीचाच — हक्काची बाई! स्वतःचा वापरायचा नाही, असा सरांचा नियम. वहिनीला म्हटलं, थोडे दिवस मीठ कमी खा.
"वा गं वा! नणंदेच्या नोकरीपायी मी अळणी जेवू?"
जेवली मात्र. दादाच्या ताटातही तेच.

८ मार्च
निळीच.

१० मार्च
धागा नवा, कण नवे. घाईत एक नळी फोडली. तंत्रज्ञ म्हणतो, "मॅडम, तुम्हाला बघूनच पाणी निळं पडतं." याला विनोद सुचतात!
रात्री झोप नाही. वहिनी उशाशी येऊन बसली. "गेली नोकरी तर गेली. मी आहे ना?" मग मात्र रडूच कोसळलं.

१२ मार्च
उद्या समिती, आणि वहिनी सकाळी उठलीच नाही. "आज राहू दे गं, अंगात त्राण नाही." आता नमुना कुणाचा आणू? सरळ नियम मोडला, स्वतःचाच घातला.
लाल!
तंत्रज्ञाचा — लाल. सरांकडे लाजत मागितला — तोही लाल! शेजारी वहिनीची कालची नळी, निळीशार. तिच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? मी टाळ्या पिटल्या. सर चक्क हसले. मी वहिनीला फोन लावून ओरडले, "आमचा धागा बरोबर आहे! चूक तुझ्याच नमुन्यात होती!"
"बघ, उगाच रडत होतीस," म्हणाली. खूश झाली.

१२ मार्च, बसमध्ये
धागा पहिल्यापासून बरोबर होता.
वहिनीचं मूत्रपिंड बिघडलंय. आणि हे मी तिलाच सांगितलं — हसत.