दोघांत एक जागा

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

नोकरी टिकली, आता काळजी करू नकोस. मी वेळेवर जेवते आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

कॉलेजने माझा तत्त्वज्ञानाचा आणि इतिहासाचा असे दोन्ही विभाग एक केले आणि एकच प्राध्यापक ठेवायचं ठरवलं. शेजारच्या खोलीतले इतिहासाचे सर जुन्या विहिरींवर संशोधन करत होते. ते मला म्हणाले, "तुझं अख्खं आयुष्य पडलंय पोरी, मी जातो."

"सर, असं नका करू," मी म्हणाले, पण एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायला जीभ रेटली नाही गं. त्यांनी खरंच राजीनामा दिला.

काल त्यांचा तास मी घेतला. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सर कधी येणार? विहिरीची गोष्ट अर्धीच राहिलीये." मला ती गोष्ट ठाऊकच नव्हती. मी म्हटलं, "पुस्तकं उघडा." सगळ्यांनी मुकाट्याने उघडली.

बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत ना, लेक हुशारीवर टिकली म्हणून? त्यांना यातलं काही सांगू नकोस. तुला मात्र सांगितल्यावाचून राहवलं नाही.

तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी