डेलिया मूनचा खर्ज

४ ऑक्टोबर
विद्यार्थ्यांच्या पेपरला म्युझिक कॉलम लिहायला कुणीतरी हवंय. आधी नमुन्याचा रिव्ह्यू द्यायचा. संपादक मेगनने डेलिया मूनची रेकॉर्ड हातात ठेवली. ही पॉपवाली. मधेच एकदा कंट्री, म्हणजे इथली गावरान गाणी, गायली, कुणी ऐकलं नाही, आता तोच अल्बम नव्याने निघालाय. हा कॉलम मला हवाच. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या कॉलेजात मला अजून सगळे 'डेटा सायन्सवाली' म्हणतात.
संकल्प: फोनवर ऐकायचं नाही. रेकॉर्डच ऐकायची, पूर्ण.

५ ऑक्टोबर
गराज सेलमधून जुना रेकॉर्ड प्लेअर आणला, बसमध्ये मांडीवर घेऊन. मोठी रेकॉर्ड तेहतीसच्या स्पीडवर लावायची, छोटी पंचेचाळीसवर, हे बाबांनी मला शाळेत घालायच्या आधी शिकवलंय. बाबा नागपूरला भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवतात. कान घरचाच आहे.
ऐकली. थक्क! पॉपमध्ये चिवचिवणारी बाई इथे चक्क पुरुषी खर्जात गाते. रूममेट हिमानीने विचारलं, यार, हिला झोपेतून उठवून उभं केलंय का? हिमानी केमिकलची आहे. सोडून दिलं.

८ ऑक्टोबर
पुन्हा ऐकली. बँजो एकेक सूर विचार करून टाकतो. हिमानी म्हणते, हे लावलं की भाजी चिरताना पेंग येते, बोट जाईल एखादं. लोकांना विलंबित सोसतच नाही. मिडटर्मचा अभ्यास राहिला. बसेस फार उशिरा येतात.

११ ऑक्टोबर
बाबांना कॉलवर ऐकवली. ते पेटी काढूनच बसले. म्हणाले, हर्षू, ही पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे कुठेतरी लटकलीय, मशीन बघ तुझं. मी म्हटलं, बाबा, हे कंट्री आहे. ते बरं म्हणाले. असं बरं म्हणाले की चिडचिड होते.
रिव्ह्यूत मात्र घातलं: 'पेटीच्या पट्टीत न मावणारं दुःख.'

१३ ऑक्टोबर, सकाळ
स्पेलिंग तीनदा तपासून रिव्ह्यू पाठवला. शेवटचं वाक्य: 'कंट्रीने डेलियाला थांबायला शिकवलं.' कॉलम मिळाल्यातच जमा.

१३ ऑक्टोबर, दुपार
हिमानीने रेकॉर्ड कव्हरमध्ये घालताना स्टिकर मोठ्याने वाचला. आवाज खुलावा म्हणून नवी आवृत्ती पंचेचाळीसच्या स्पीडची केलीय. मी म्हटलं, मोठी रेकॉर्ड आहे, शक्य नाही. तिने बटण फिरवलं. डेलिया चिवचिवली. बँजो पळत सुटला. सगळी गाणी लग्नात नाचण्याची निघाली. तिसऱ्या गाण्यातल्या ज्या हुंदक्यावर मी पूर्ण परिच्छेद लिहिलाय, ते हसू आहे.
हिमानी फरशीवर बसून हसतेय.
मेगनला खरं ते सगळं मेल केलं: स्पीड चुकला, बाबांचंही ऐकलं नाही, रिव्ह्यू मागे घेते, नवा देते. संपादकांना प्रामाणिक माणसंच हवी असतात.

२० ऑक्टोबर
म्युझिक कॉलम कुणा आयुषला मिळाला.
माझा रिव्ह्यूही छापलाय. विनोदाच्या पानावर. खाली माझी मेल, जशीच्या तशी. बाबांनी मराठी करून पार्टीत वाचला म्हणे. ढोलकीवाल्या काकांना ठसका लागला.
मेगनला पुढच्या अंकालाही हवंय, त्याच पानासाठी. मी विचारलं, विनोदी लिहायचं कसं? मला येत नाही. ती म्हणाली, अजिबात प्रयत्न करू नकोस, अशीच मनापासून लिही.