लाल पेन्सिल

प्रिय ठमे,

काल मी तुला न सांगता सरकारी विद्यापीठात जाऊन आले. तिथल्या प्रयोगशाळेच्या भेटवहीत तुझं नाव तीनदा दिसलं, म्हणून हे लिहायला बसले. समोर बोलले असते, पण समोर माझा आवाज चढतो आणि तू "बरं" म्हणून मोकळी होतेस.

मी गेले होते खोड काढायला. टेकडीवरच्या त्या महागड्या कॉलेजचा फॉर्म भरल्यापासून तू तोंडात मारल्यासारखी वावरतेस. म्हटलं, सरकारी जागेचे चार दोष टिपून आणावेत आणि तुझ्यापुढे टाकावेत. दोष मिळाले. जिन्याचा कठडा अजून हलतो, पंखे कुरकुरतात. पण प्रत्येक मुलापुढे स्वतःचा मायक्रोस्कोप होता. जुना, तरी भिंगं लख्ख. सवयीने मी एका स्टुलावर बसले आणि स्लाईड लावली. तिथल्या बाईंनी हटकलं. कुणाची आई ते कळल्यावर हसल्या. म्हणाल्या, तुमची मुलगी कुलूप लावेपर्यंत उठत नाही. फॉर्म घेऊन गेली, तो परत काही आणला नाही तिने.

आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा नियम मी तुला जेवताना शंभरदा ऐकवलाय. शंकेची स्लाईड दोघांनी बघायची, आणि पहिल्याने आपलं मत दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. कळलं की दुसऱ्यालाही तेच दिसू लागतं. सत्तावीस वर्षांत लॅबमध्ये मी तो कधी मोडला नाही. घरी मोडला. दोन्हीकडून आलेल्या पत्रांची पाकिटं तू यायच्या आत उघडली, टेकडीवाल्या पाकिटावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली, आणि मग तुला विचारलं, "तुला काय वाटतं?" तुझे बाबा तेव्हाच म्हणाले, हिला स्लाईडवरचा ठिपका दिसतो, समोरच्या पोरीचं तोंड दिसत नाही. मी त्यांना भाजी निवडायला बसवलं.

मी सरकारीत शिकले हे तुला ठाऊक आहे. टेकडीवरच्या कॉलेजचं पत्र मलाही आलं होतं, हे ठाऊक नाही. तुझ्या आजोबांनी ते दुमडून खिशात घातलं, विषय संपला. तेव्हापासून मनात घोकत आले, तिथे गेले असते तर! काल स्लाईड लावताना बोटं आपोआप चालली. हे ती बोटं त्याच खोलीत शिकली होती. याबद्दल त्या जागेला मी कधी बरं म्हटलं नाही.

आता सरकारीच घे असं म्हणत नाही. म्हटलं तर पुन्हा लाल खूणच झाली. टेकडीवर जायचं असेल तर फी आमच्यावर सोड. त्या काळजीने "नाही" म्हणू नकोस, आणि माझ्या भीतीने "हो" म्हणू नकोस. टेकडीवर पोचवायला तू काल माझ्याकडे दिलेला फॉर्म मी पोचवलेला नाही. दोन्हींची मुदत उद्या पाचपर्यंत आहे. या वेळी पहिली नजर तुझी. दोन्हींतला एक फॉर्म निवड, पाकिटात घालून चिकटव, आणि मग मला सांग.

तुझीच,
आई

सोबत दिले: टेकडीवरच्या कॉलेजचा, तू भरलेला फॉर्म, एक. सरकारी विद्यापीठाचा, मी काल आणलेला कोरा फॉर्म, एक. दोन्हींवर पालकाची सही केली आहे. लाल पेन्सिल, एक, परत नको.