पाळी बंद झाल्याची बातमी

माईताई, खिडकीचं दुसरं दारही उघडते, तेवढं थांब. हं. पौषातली थंडी, हे बाहेरच्या खोलीत कानटोपी घालून बसलेत, आणि मी ओला पदर मानेवर ठेवून तुला नमस्कार लिहिते आहे. वांगणीला तुझे गुडघे काय म्हणतात? मी ठीक आहे.

आजचा घोटाळा ऐक. (हसलीस तरी चालेल.) गेले काही महिने मला अशीच आतून वाफ येते, झोप मोडते, भात मऊ झाला म्हणूनही रडू येतं. मनात नाही नाही ते रोग येऊन गेले. आई अशीच मागल्या दारी वारा घेत बसायची, आठवतं? का, ते तिनं कधी सांगितलं नाही. तर सकाळी हे डबा घेऊन निघाले, तेव्हा मी धीर करून दाराआडून पुटपुटले, "ऐकलंत का, पाळी बंद झाली वाटतं." ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या माणसाला पाळी एकच माहीत. (लढाई संपल्यापासून कपातीची धास्ती आहेच.) ह्यांनी फॅक्टरीच्या फाटकातच बरोबर काम करणाऱ्या कमळाकरांना गाठलं, "रात्रपाळी बंद होतेय म्हणे?" दुपारपर्यंत बातमी पक्की झाली. साहेबांनी बोलावून विचारलं, कुणी सांगितलं? हे म्हणाले, "घरून कळलं."

संध्याकाळी येऊन मला तेच विचारलं. म्हटलं, "मला कुणी सांगायला कशाला हवं? माझीच." ह्यांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "म्हणजे फॅक्टरी चालू आहे." आणि मग, "तू बरी आहेस ना?"

मला रडूच आलं. (भात आज मऊ नव्हता.)

उल्हासनगरच्या कॅम्पात कराचीहून आलेली एक डॉक्टरीण आहे म्हणतात. तिला मराठी येत नाही. पाळीला हिंदीत काय म्हणायचं, ते ह्यांना विचारलं. म्हणाले, "शिफ्ट."

तुझी,
उमा

ता. क. मी ठीक आहे, असं वर लिहिलंय ते ह्यांनी वाचलं तर असावं म्हणून. मला भीती वाटते. तुझं हे झालं तेव्हा काय काय व्हायचं, कधी थांबलं, सगळं लिही. काही गाळू नकोस.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी हे रजा घेऊन माझ्याबरोबर कॅम्पात आले आणि बायकांच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. मला शब्द सापडेना, मी नुसता हातानं वारा घेऊन दाखवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बीमारी नहीं, उमर है. मुझे भी." झोपेचं औषध दिलं, चहा कमी करायला सांगितला. परतताना ह्यांनी बाजारात एक हातपंखा घेतला. तरी तू लिहीच.