अबू दालिया

बत्रून,
२ मार्च २००४

प्रिय डेलिया,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तिकीट काढलंय. चोवीस तारखेला बैरूतला उतरतेय. शनिवारचा सामना बघायचाच आहे. एकोणीस वर्षांची झाले मी, तुला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही." आणि मी गप्प बसलो. तुला वाटलं लाइन गेली. लाइन गेली नव्हती. मग तू विचारलंस, "यंदा तुमच्या संघाचा रंग कुठला? त्याच रंगाचा शर्ट घालून येते." मी म्हणालो की फोन कार्डावरची मिनिटं संपत आलीत आणि फोन ठेवून दिला. मिनिटं चांगली भरपूर उरली होती. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र लिहायला बसलोय. इथून टपाल बारा दिवसांत पोचतं, म्हणजे तू निघायच्या आधी तुझ्या हातात पडेल.

आत्ता संध्याकाळचे पाच वाजलेत. मी ज्यांच्याकडे राहतो त्या उम्म रफूलच्या गच्चीवर बसलोय. दोन गल्ल्या पलीकडे आमचा बास्केटबॉलचा हॉल आहे. सराव सुरू झालाय, चेंडू आपटल्याचे आवाज इथवर येतात. कोच ओरडला की हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडतात आणि तो थांबला की पुन्हा बसतात. तू म्हणशील, सराव चाललाय तर तू गच्चीवर काय करतोस? सांगतो. जरा मागून सुरुवात करू दे. थेट सांगायची सवय मला कधी लागलीच नाही.

तू तीन वर्षांची होतीस तेव्हा मी पहिल्यांदा निघालो. आपल्या अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये घेतील अशी आशा होती. त्यांनी चार दिवस पळवलं, पाठ थोपटली आणि घरी पाठवलं. मग एजंट म्हणाला, फिनलंडला जातोस का? ते नकाशात कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं. पुढे अर्जेंटिना, सायप्रस, फिलिपीन्स, इराण, ट्युनिशिया. मधली काही नावं आता मलाच आठवून काढावी लागतात. दर ऑगस्टमध्ये तुझ्या आईच्या दारात मी एकच वाक्य बोलायचो, "हे शेवटचं वर्ष, योलांडा." पहिल्या दोन वेळा ती रडली. पुढे भांडली. त्यानंतर फक्त एवढंच म्हणायला लागली, "बॅग नीट बंद कर, मागच्या वेळी विमानतळावर उघडली होती." लग्न संपलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण घटस्फोटाचे कागद हातात पडेपर्यंत मी समजून घेतलंच नाही. आणि तू. आधी तू गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावत यायचीस. नऊ वर्षांची होतीस त्या ऑगस्टमध्ये तू स्वयंपाकघरात कॉर्नफ्लेक्स खात बसून राहिलीस. मी दोनदा हाक मारली. तू वाडगं उचलून तोंडाला लावलंस आणि मी दाराबाहेर पडेपर्यंत खाली ठेवलं नाहीस. दहा वर्षं झाली, ते वाडगं डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, दोन बॅगांत मावणार नाही ते विकत घ्यायचं नाही. कुणी घालून दिलेला नाही, पण सगळे पाळतात. कारण संघात बाहेरचे खेळाडू दोनच चालतात. इथे आम्हाला 'अजनबी' म्हणतात. गावातला पोरगा वाईट खेळला तर त्याला शिव्या मिळतात. अजनबी वाईट खेळला तर संघाला दुसरा अजनबी मिळतो. म्हणून आम्ही बॅगा पलंगाखाली अर्ध्या भरलेल्याच ठेवतो.

बत्रूनला मला तिसरं वर्ष चालू आहे. एका गावात इतका मी कधीच टिकलो नव्हतो. पहिल्याच आठवड्यात उम्म रफूलने मला पलंगाबाहेर पाय काढून झोपलेलं पाहिलं आणि सुताराला बोलावून सव्वासात फुटांचा पलंग करून घेतला. मी म्हणालो, अहो, हा मी नेणार कसा? ती म्हणाली, "तुला नेतोय कोण? आला नाहीस तोच जायच्या गोष्टी. झोप मेल्या आधी." अशी ती आहे. सत्तरी उलटलीय, लिंबाची बाग एकटी सांभाळते आणि सगळ्या गल्लीला शिव्या देते. तिचं खरं नाव मला अजून माहीत नाही. इथे माणसाला त्याच्या लेकराच्या नावाने हाक मारायची रीत आहे. उम्म रफूल म्हणजे रफूलची आई. रफूल सिडनीत असतो, अकरा वर्षांत फिरकलेला नाही, पण आईचं नाव तेच राहिलंय.

त्या पहिल्याच वर्षी खाटकाने मांस तोलता तोलता मला विचारलं, "मुलं किती?" म्हटलं, एक मुलगी. "नाव?" म्हटलं, डेलिया. त्याने ते त्यांच्या पद्धतीने दालिया करून घेतलं. इथे द्राक्षवेलीला दालिया म्हणतात, त्यामुळे नाव सगळ्यांना फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून मी अबू दालिया झालो, दालियाचा बाप. न्हावी तेच म्हणतो, पाववाला तेच म्हणतो. मी फ्री थ्रोला उभा राहिलो की दोन हजार माणसं पाय आपटत तेच नाव ओरडायची. तीन वर्षांत हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. कसं सांगणार? चौथ्यापासून तुझ्या एकाही वाढदिवसाला मी घरी नव्हतो, आणि इथे तुझा बाप म्हणून मिरवत होतो. पहिले काही सामने तर ते ओरडायला लागले की माझा चेंडू कड्यावर आदळून बाहेर यायचा. मग सवय झाली. कसलीही सवय होते मला, हाच माझा दोष आहे.

गेल्या ऑक्टोबरात उजव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. आमच्यात दुखतंय असं कधी म्हणायचं नसतं, कारण ते शब्द कोचच्या कानावर पडले की संध्याकाळपर्यंत एजंटला फोन गेलेला असतो. मी पट्टी बांधून, वर लांब मोजा चढवून खेळत राहिलो. उम्म रफूल दह्याच्या रिकाम्या डब्यांत पाणी गोठवून ठेवायची, मी घरी आलो की न बोलता गुडघ्याला लावायची. न बोलता म्हणजे तीन दिवस. चौथ्या दिवशी म्हणाली, "त्यांना सांगून टाक." मी म्हटलं, सांगितलं तर घरी पाठवतील. तिने डबा बाजूला ठेवला. "घर आहे ना तुला? मग भितोस कशाला?" मी डबा उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवला. सहा आठवडे मी असा खेळलो, आणि एका सामन्यात साधी उडी मारून खाली आलो तो पुन्हा उठलोच नाही. आधी सांगितलं असतं तर महिन्याभराच्या विश्रांतीवर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाला.

आठ डिसेंबरला नकूलाने मला बंदरावरच्या हॉटेलात बोलावलं. नकूला म्हणजे आमचा मॅनेजर, ड्रायव्हर आणि भांडणं मिटवणारा, सगळं एकच. चार चमचे साखर घातल्याशिवाय तो कॉफीला शिवत नाही. त्या दिवशी त्याने पोऱ्याला नाही, मालकालाच हाक मारून सांगितलं, "दोन कॉफी. साखर नको." इथे मयताच्या घरी तशी कॉफी देतात, साखरेचा कणही नसलेली. मी विचारलं, "कोण गेलं?" तो कपाकडे बघत म्हणाला, "तू, हबीबी." आम्ही दोघांनी ती कडू कॉफी संपवली. सोळा वर्षांत मला पाच वेळा काढलं, पण इतक्या रीतसर कुणी काढलं नव्हतं.

दोन दिवसांनी तोच दाराशी आला. "बैरूतला चलतोस? नवा यायचाय. एकट्याने जायला बरं वाटत नाही मला." गेलो. विमानतळावर नाव लिहिलेला पुठ्ठा माझ्याकडे दिला, माझा हात सगळ्यांच्या वर पोचतो म्हणून. पुठ्ठा ओळखीचा वाटला. उलटून पाहिला तर मागे माझं नाव, मी आलो त्या वर्षीच्या हिरव्या शाईत. भर दुपारी दोन तास मी तो धरून उभा होतो, नव्याचं नाव येणाऱ्यांकडे आणि माझं माझ्या छातीकडे. ट्रेव्हन त्याचं नाव. तेवीस वर्षांचा, ओहायोचा. गाडीत बसल्या बसल्या पाकिटातून फोटो काढला, मुलगी नऊ महिन्यांची. "मार्चमध्ये पहिला वाढदिवस आहे तिचा, तेव्हा चार दिवस जाऊन येईन म्हणतो." नकूलाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मार्चमध्ये महत्त्वाचे सामने असतात, कुणाला सोडत नाहीत, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी ट्रेव्हनला म्हटलं, "आजच लिहून घे त्यांच्याकडून. सही करायच्या आधी." फिनलंडला जाताना मला असं कुणी सांगायला हवं होतं, असं नंतर वाटलं. पण खरं बोलायचं तर कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

संघाने दिलेलं परतीचं तिकीट माझ्या खणात पडून आहे. मी सकाळी उम्म रफूलच्या बागेत लिंबं तोडतो. वरच्या फांद्यांना माझा हात पोचतो, म्हणून तिने शिडी शेजाऱ्याला देऊन टाकली आणि वर मला ऐकवते, "शिडी निदान कण्हत तरी नव्हती." शनिवारी हॉलमध्ये सर्वांत वरच्या ओळीत म्हाताऱ्यांबरोबर बसून सामना बघतो. आणि रविवारी तुला फोन करतो. जानेवारीत जे बावीस गुण मी तुला सांगितले ते ट्रेव्हनचे होते. त्याआधीचे अठरासुद्धा. तू तिकडून आनंदाने ओरडलीस आणि मी इकडे फोन कानापासून लांब धरला. आपल्या पाइन ब्लफमध्ये माझी ओळख एवढीच आहे, लमाँट कुठेतरी बाहेर खेळतो. तेवढीही गेली तर एक गुडघा गेलेला अडतीस वर्षांचा माणूस तुझ्या दारात उभा राहणार, आणि तू त्याला काय म्हणून आत घेणार? खेळत होतो तोवर न येण्याला कारण होतं. डिसेंबरात ते कारण संपलं, तरी मी आलो नाही. डेलिया, हेच मला फोनवर सांगता येत नव्हतं. मी खेळासाठी लांब राहिलो असं तुला वाटतं. मलाही वाटत होतं. निम्मं तरी तसं नव्हतं. मी घाबरलो होतो, आणि खूप थकलोय आता.

तेव्हा शनिवारच्या सामन्यात तुला बघायला मिळेल असा तुझा बाप नाही. त्यासाठीच तिकीट काढलं असशील तर परत कर, मी रागावणार नाही, तसा हक्क माझा नाही. पण तू येते आहेस हे मी चुकून उम्म रफूलला बोलून गेलो आणि तिने गल्लीभर केलं. पलंगावर नवी गादी घातलीय, मला सोफ्यावर हलवलंय. खाटीक रोज विचारतो, "आपली दालिया काय खाते?" मला सांगता येत नाही, तर तो मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. ट्रेव्हन काल घरी गेला, चार दिवसांसाठी; त्याने लिहून घेतलं होतं, तरी कोच चिडलाय. जाताना मला म्हणाला, "तुमची मुलगी आली की भेटायचंय मला." तू आलीस तर विमानतळावर मीच असेन, पुठ्ठ्याशिवाय. परतीच्या वेळी माझं ते खणातलं तिकीट तुझ्याच विमानाचं करून घेता येईल का, असं नकूलाला विचारलंय. तो होईल म्हणतो. पण ते तू इथे आल्यावर तू ठरव. आता रंगाचं. संघाचा रंग हिरवा आहे, पण तो घालू नकोस. तुला स्वतःला कुठला रंग आवडतो हे मला माहीत नाही, मी कधी विचारलंच नाही. तो घालून ये.

तुझाच,
बाबा