भाकर होईपर्यंत

प्रिय मोतीआत्या,

हे पत्र तुझ्या कमलेशला वाचून दाखवायला सांगू नकोस. तू स्वतः वाच. त्यासाठी अक्षर मोठं काढलंय आणि शेवटची वेलांटीसुद्धा नीट दिलीये.

हद्दीचा दगड सापडला त्या दिवसाबद्दल लिहायचंय, पण आधी पाच वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा मी उल्हासनगरच्या बाजारातून तो जीपीएस रिसीव्हर घेतला होता. जुना, खोका नाही, माहितीचा कागद नाही. दुकानदार म्हणाला, "चलता है मैडम, बस आसमान दिखाओ." अंबरनाथच्या आमच्या गॅलरीत समोरच्या इमारतीमुळे आकाश म्हणजे एक चिंधी, तिथे त्याला उपग्रह सापडेनात. म्हणून बदलापूर गावात, तुझ्या शेतावर आले. तुला भेटायला नाही, मोकळ्या आकाशासाठी. हे तेव्हा बोलले नाही, आज लिहिते.

त्या काळ्या, वायरवाल्या वस्तूला तू लगेच "उंदीर" म्हणालीस. लॅपटॉपला जोडला तर पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं. "तुझी मशीन शिव्या देते का गो?" तू विचारलंस. मी लॅपटॉपवर ऐकण्याचा वेग नऊ हजार सहाशे ठेवला होता आणि उंदीर बोलत होता चार हजार आठशेने. तो बदलल्यावर दर सेकंदाला जागेच्या आकड्यांची एक ओळ उमटू लागली. झाडांची सावली नको म्हणून उंदीर हद्दीच्या दगडावर ठेवला. ऊन पडद्यावर येत होतं, तर तू बाबांची जुनी छत्री माझ्या डोक्यावर धरून उभी राहिलीस.

पाच मिनिटांत माझं काम झालं होतं. मी वायर गुंडाळायला घेतली तेव्हा तू म्हणालीस, "यवरी कसली घाई? भाकर होईपर्यंत वाचू दे मशीनला." मग तू चूल पेटवलीस, सुकट भाजलंस, बाबांच्या लहानपणीचं काहीबाही सांगत राहिलीस. फाइलमध्ये एकूण बासष्ट मिनिटं भरली. त्या वेळात मी चार वेळा घड्याळ पाहिलं. तू ते चारही वेळा पाहिलंस. त्यानंतर पाच वर्षं मी आले नाही.

गेल्या पावसाळ्यात नदी शेतात शिरली आणि दगड गाळाखाली गेला. शेजारच्या भूपेशशेठने भिंतीसाठी दोरी बांधली ती बारा फूट आत, तुझ्या भेंडीच्या वाफ्यांवरून. माणूस वाईट नाही. तो सरळ म्हणाला, "दगड दाखवा काकी, मी मागे सरतो. सोमवारी गवंडी येणार." आणि कमलेशने दोन दिवस जागोजागी खणून हात टेकले तेव्हा तू मला फोन केलास. स्वतःहून, पहिल्यांदा.

दगडावर घेतलेल्या आकड्यांची ती जुनी फाइल माझ्याकडे होती. एवढ्याशा यंत्राने हद्द ठरत नाही, कुठे खणायचं ते कळतं, हे मी सगळ्यांना आधीच सांगितलं. आणि मग सगळ्यांसमोर चुकले. पडद्यावरचा बाण तेरा किलोमीटर लांब, डोंगरात दाखवत होता. कमलेश ओरडला, "ताई, आपली जमीन तर डोंगरावर गेली फिरायला!" माझे कान तापले. तू हसली नाहीस. तांब्या पुढे केलास आणि म्हणालीस, "परत वाच गो. सावकाश." वाचलं. अक्षांशातल्या एकोणीसच्या पुढचे आकडे अंशाचे दशांश नव्हते, मिनिटं होती. साठ मिनिटांचा एक अंश. ऑफिसातल्या शिकाऊ मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

पुढचं तू पाहिलंस. बाणाचं अंतर जिथे शून्यावर आलं तिथून कमलेशने चहूबाजूंनी खणत नेलं आणि हातभर खाली पहार खणकन वाजली. दगड माझ्या खुणेपासून एक मीटर सत्तरवर होता. भूपेशशेठने दोरी स्वतःच्या हाताने सोडली. "मशीन जबरदस्त आहे हां," तो म्हणाला. कमलेशने तेच गावभर केलं. मी "हो" म्हणून मान हलवली.

ती मान चुकीची हलली, आत्या. म्हणून हे पत्र. काल ऑफिसात मी ती फाइल पुन्हा उघडली आणि फक्त पहिल्या पाच मिनिटांचे आकडे घेऊन बिंदू काढला. तेव्हा उंदराला उपग्रह कमी सापडले होते. तो नऊ मीटर पलीकडे पडतो, भूपेशशेठच्या जागेत. मी माझ्या घाईने उठले असते, तर तिथे खणून आपण रिकाम्या हाताने परतलो असतो आणि सोमवारी भिंत उभी राहिली असती. बिंदू जागेवर आला तो पुढच्या सत्तावन्न मिनिटांमुळे. ती मिनिटं यंत्राची नव्हती, तुझी होती. तुला फक्त मी थोडा वेळ बसायला हवी होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

दगडापाशी तू विचारलंस, "आता कधी येशील?" मी "बघते" म्हणाले. ते उत्तर अंदाजे होतं. नीट उत्तर असं: येत्या रविवारी, सकाळी साडेदहाला. लॅपटॉप आणणार नाही, घड्याळही नाही. भाकर होईपर्यंत बसेन, आणि झाल्यावरही.

तुझीच,
रिद्धी