पलीकडच्या काठावर

ता. ४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू लावत नाहीस, तेव्हा पोस्टमन आहे तोवरच या बहीणभावाचं बोलणं, असं वहिनी म्हणते ते काही खोटं नाही.

एक काम आहे. आमच्या दवाखान्याच्या तिन्ही ॲम्ब्युलन्सना रस्ता दाखवणारी यंत्रं घ्यायची ठरलीत. उपग्रहावरून जागा ओळखणारी, पुढच्या काचेपाशी बसवायची असतात ती. आजवर आम्ही मोबाइलवर भागवत होतो. निवड माझ्याकडे आहे आणि तीन नमुने महिनाभर वापरून बघायला मिळालेत. पहिल्याचा पडदा ताटाएवढा आहे, पुढे गर्दी कुठे आहे तेही ते सांगतं. दुसरं फार गोड बोलतं. वळण चुकलं तरी आपल्या आत्यासारखं दिवसभर ऐकवत नाही. तिसरं ट्रकवाल्यांसाठी बनवलेलं, जाडजूड आणि दिसायला अगदीच ओबडधोबड. गाडीची लांबी, उंची, वजन सगळं विचारून घेतल्याशिवाय कामाला लागत नाही.

तुझा जन्म मोजणी करण्यात आणि नकाशे काढण्यात गेला. असं यंत्र पारखताना काय बघायचं ते सविस्तर कळव.

वहिनीचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. सध्या ऑफिसात बसून काम असतं, त्यामुळे जेवणं वेळेवर होतात.

माया आहे तशीच असू दे.
तुझी,
धाकटी


ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण आवाज खणखणीत आहे. मलाही ऐकू येतो, यावरून काय ते समज.

आता यंत्राचं. पडद्याच्या आकाराला भुलू नकोस. उपग्रह फक्त तू कुठे आहेस एवढं सांगतो, रस्ता सांगतो तो नकाशा. तो नकाशा यंत्राच्या पोटात भरलेला आहे की दर वेळी मोबाइलच्या नेटवर्ककडून मागून घ्यावा लागतो, हे आधी बघ. मागून घेणारं यंत्र डोंगराआड गेलं की कोरं पडतं. नकाशा कधीचा आहे आणि नवा भरता येतो का, तेही विचार. आपल्याला ठाऊक असलेली घरं आणि गल्ल्या आपल्या हाताने त्यात घालता आल्या पाहिजेत, हे तर हवंच. बाकी उन्हात पडदा दिसतो का, सायरन चालू असताना त्याचं बोलणं कानावर पडतं का, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक विचारतो. वीस वर्षं तू ॲम्ब्युलन्स चालवतेस. ताप अंगात असताना गाडीवर गेलेली बाई तू. ती तू ऑफिसात बसून वेळेवर जेवतेस, हे माझ्या गळी उतरत नाही. तीन यंत्रांवर तू अख्खा परिच्छेद लिहिलास आणि स्वतःवर दीड ओळ. काय झालंय?

वहिनीचे आशीर्वाद. जिवाला जप.
तुझा,
दादा


ता. १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू ओळी मोजशील हे मला कळायला हवं होतं.

अकरा फेब्रुवारीला दुपारी नदीपलीकडच्या वस्तीतून फोन आला. बाई पन्नाशीची, शिवणकाम करणारी, छातीत दुखत होतं. तिकडच्या फेऱ्या करणारा आमचा ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून मी निघाले. तो भाग माझ्या पायाखालचा नव्हता. मोबाइलमध्ये पत्ता घातला आणि तो सांगेल तशी गेले. त्याने मला अलीकडच्या काठावर, एका पायपुलाशी नेऊन उभं केलं. त्याच्या नकाशात तो पूल म्हणजे रस्ता होता. प्रत्यक्षात दोन माणसं जेमतेम जातील एवढा अरुंद, आणि मधल्या फळ्याच गळून गेलेल्या. गाडी सोड, नर्ससुद्धा पायी जाऊ शकत नव्हती.

समोर घर दिसत होतं, दादा. निळं दार उघडं होतं. दारात एक माणूस दोन्ही हात वर करून आम्हाला बोलावत होता. नेटवर्क गेलेलं, दुसरा रस्ता कुठून आहे ते कळेना. मागे फिरून, विचारत विचारत मोठ्या पुलावरून पोचले. त्यात एकोणीस मिनिटं गेली. बाई तोवर गेली होती.

डॉक्टर म्हणाले, वेळेत पोचला असतात तरी कदाचित वाचली नसती. तो कदाचित शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. चौकशीत माझी चूक नाही असं ठरलं. पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसून किल्ली लावली, ती माझ्याने फिरवेना. साहेबांना सांगून मीच गाडीवरून उतरले. यंत्रं येतायत ती या प्रकारामुळे, आणि निवडीचं काम मी मागून घेतलंय.

वहिनीला सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझी,
धाकटी


ता. २० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि वहिनीला दिलं. तिने वाचून नीट घडी घातली आणि परत दिलं.

तुझी समजूत घालत बसत नाही. त्याऐवजी माझं एक सांगतो. ते तुझ्या वहिनीलाही परवाच कळलं.

निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा वरच्या खोऱ्याचा एक नकाशा फेरतपासणीला माझ्याकडे आला. खिंडीतून पलीकडे उतरणारी वाट गाडीची आहे की पायी जाण्याची, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी जायला हवं होतं. वहिनीचं तेव्हा ऑपरेशन झालेलं, मला तिला सोडून जाववेना. तिकडे काम केलेल्या एका ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, जीप जाते. मी 'वाहनयोग्य' असं लिहून सही केली. नंतर जाऊन बघेन म्हटलं, आणि राहून गेलं. ती रेघ आमच्या नकाशावरून पुढे कुणाकुणाच्या नकाशात गेली असेल ते मला माहीत नाही. त्या वाटेवर कुणाचं काय झालं, तेही नाही. चौदा वर्षं मी तो विषय मनातसुद्धा काढला नव्हता. तुझं पत्र आलं आणि तो समोर येऊन बसला.

म्हणून सांगतो, तुझ्या मोबाइलने मुद्दाम फसवलं नाही. त्या पायपुलाला रस्ता म्हणणारा माझ्यासारखाच कुणीतरी टेबलाशी बसलेला होता. रागवायचं तर आम्हा लोकांवर रागाव, स्वतःवर नको.

आणि यंत्रं शहरात फिरवून बघू नकोस. तिन्ही घेऊन त्याच वस्तीत जा, दुपारच्या त्याच वेळेला. सोबत कुणी असू दे, पण गाडी तू चालव.

तुझा,
दादा


ता. २ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. त्या दिवशीचीच नर्स सोबत होती. आपण होऊन आली.

पहिलं यंत्र नदीच्या अलीकडच्या घाटात कोरं पडलं, तू म्हणालास तसंच. दुसऱ्याने गोड आवाजात पायपुलाशी नेलं आणि आपण पोचलो म्हणून सांगितलं. मी इंजिन बंद केलं आणि उतरून पाहिलं. फळ्या अजून नाहीतच. तिसऱ्याला मी गाडीचं वजन आणि रुंदी भरून दिली होती. त्याने पायपुलाचा विचारच केला नाही, दवाखान्यातून निघाल्यापासून मोठ्या पुलाकडे वळवलं. पण वस्तीत शिरल्यावर तेही गोंधळलं. लाकडाच्या वखारीपाशी थांबलं आणि पुढे रस्ता नाही म्हणालं. घरं वर दिसत होती.

वखारीतून एक माणूस बाहेर आला. मी लगेच ओळखलं. निळ्या दारातला. तो तिथे सुतारकाम करतो. त्याने आधी गाडी ओळखली, मग मला. कोण आजारी आहे, एवढंच त्याने विचारलं. कुणी नाही म्हणाले आणि मग का आले ते सगळं सांगून टाकलं. माफी मागायची असं किती दिवस घोकून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

तो उभा राहून ऐकत होता. मग हातांवरचा भुसा झटकला, नर्सने पुढची जागा दिली तिथे बसला आणि यंत्र कसं चालतं ते दाखवा म्हणाला. वखारीच्या मागून वर जाणारी एक गल्ली आहे. लाकडाचे ट्रक तिथूनच येतात, म्हणजे आमची गाडी सहज जाईल. कुठल्याच नकाशात ती नाही. ती आम्ही चालवून यंत्रात भरली. मग तो एकेक घर सांगत गेला आणि मी खूण घालत गेले. इथे म्हातारे मास्तर, त्यांना दम्याचा त्रास. इथली पोर बाळंतपणाला आलीय. इथला मुलगा आकडीचा. एकतीस घरं झाली. आपलं घर त्याने शेवटी सांगितलं.

उतरताना तो म्हणाला, त्या दिवशी सायरन ऐकून तो दारात आला, गाडी पलीकडे दिसली, तेव्हा आत जाऊन त्याने बायकोला सांगितलं की गाडी आली, दिसतेय मला. तिने मान हलवली. मग तो पुन्हा दारात येऊन हात करत राहिला. आत परत गेला तेव्हा ती गेलेली होती. एवढं सांगून तो वखारीत निघून गेला. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की नुसतं जे झालं ते सांगितलं, मला कळलं नाही. दादा, मला बरं वाटलं असंही नाही. मोठा पूल ओलांडेपर्यंत गाडी नीट चालवली. मग गाडी कडेला घेतली आणि रडून घेतलं.

मी तिसरं यंत्र सुचवलं. साहेबांचं मन पहिल्यावर बसलं होतं, पडदा मोठा म्हणून. मी त्यांना गाडीत घालून पायपुलापर्यंत नेलं आणि पहिलं यंत्र कोरं पडलेलं दाखवलं. परत आल्यावर त्यांनी तिसऱ्यावर सही केली. आता तिन्ही ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी एकेका वस्तीत जाऊन घरं भरणार आहेत. सोमवारपासून मी गाडीवर आहे.

दोघांना नमस्कार.
तुझी,
धाकटी


ता. १९ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गाडीवर परतलीस हे वाचून वहिनीने पत्र मोठ्याने पुन्हा वाचून दाखवलं, मला ऐकू येतंय की नाही याची फिकीर न करता.

आम्ही दोघं वरच्या खोऱ्यात जाऊन आलो. गुडघा घेऊन कुठे येतेस म्हटलं, तर म्हणाली, ऑपरेशन माझं होतं, मी येणार. भाड्याची जीप केली. ड्रायव्हरच्या मोबाइलवर रस्ता खिंडीतून थेट पलीकडे उतरत होता. प्रत्यक्षात खिंडीआधीच दरड कोसळून वाट संपलीय. ती आजची नाही, तिच्यावर हातभर जाड झाडं उभी आहेत. म्हणजे मी सही केली तेव्हाही ती तशीच असणार.

तिथे एकच घर आहे. शेळ्या पाळणारी एक बाई राहते. ती म्हणाली, वर्षातून चार-सहा गाड्या तरी येतात, लोक हातातल्या मोबाइलशी हुज्जत घालतात आणि ती त्यांना मागे पाठवते. एका हिवाळ्यात तान्ह्या मुलासकट एक कुटुंब खड्ड्यात अडकलं. तिच्या नवऱ्याने दोर लावून त्यांना संध्याकाळी वर काढलं. मूल वाचलं. मी तिला सांगितलं की ती रेघ माझ्या सहीने आहे. तिने एवढंच विचारलं, मग आता पुसणार का.

मी वाट मोजली. टेपचं दुसरं टोक धरून वहिनी दगडावर बसली होती. जुन्या ऑफिसात स्वतः जाऊन अर्ज दिला. माझ्या टेबलाशी आता एक तरुण मुलगी बसते. तिने वाचलं, माझं नाव जुन्या सहीशी ताडून बघितलं आणि काही न विचारता तपासणीला माणूस पाठवला. दहा दिवसांपूर्वी उत्तर आलं, खात्याच्या नकाशातून रेघ काढली. यंत्रवाल्या कंपन्यांना वेगळं लिहावं लागतं. तीही पत्रं टाकली.

शेळ्यांवाल्या बाईलाही कळवलंय. तिचं उत्तर नाही. वहिनी म्हणते, तिला शेळ्यांतून सवड नसेल. मला वाटतं, ती आधी बघत असेल. येता हिवाळा जाईल, एकही गाडी चुकून तिच्या दारी येणार नाही, तेव्हा तिला पत्र खरं वाटेल.

जपून चालव. दोघांचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत.
तुझा,
दादा